घरची भाषा, आजीची लिपी: सोलापूर आणि ‘चांदोबा’

१/४ सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक पद्मशाली विणकर कुटुंबांत घरची भाषा तेलुगू, मुलांची शाळा मराठी. भाषा कानांवर पडून येते. लिपी मात्र शिकावी लागते. वाचन थांबले की एका पिढीतच ती परकी होते.

२/४ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हा त्याचा आशय. घरातील वाचन मात्र घरानेच जपायचे.

३/४ त्याचे एक साधन मद्रासहून निघाले. नागी रेड्डी व चक्रपाणी यांचे ‘चंदामामा’ जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झाले. पुढे कन्नड, आणि १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’. सोलापूरच्या तीन भाषांत एकच मासिक! मराठीत उमगलेली गोष्ट तेलुगूत वाचताना अर्थाचे ओझे उरत नाही. लक्ष अक्षरांवर राहते.

४/४ हवानामध्ये १८६५ पासून सिगार वळणाऱ्या कामगारांना वाचक मोठ्याने वाचून दाखवीत. सोलापुरात अनेक स्त्रिया घरीच विड्या वळतात: हात गुंतलेले, कान मोकळे. मुलाने तेथे रोज एक तेलुगू पान वाचावे. आईला लिपी येत नसली, तरी चुकलेला शब्द तिला नेमका कळतो.