देवळीत राहून उद्यानविद्येची पदवी दूरशिक्षणातून घेता येते का?

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिकं. घरची शेती सांभाळत फळबाग शिकावी आणि हातात पदवीही असावी, असं वाटणाऱ्यांना 'घरबसल्या बी.एस्सी. उद्यानविद्या' ही जाहिरात भुरळ घालते. पण आजचं थेट उत्तर आहे : नाही.

नियम काय सांगतो?

दूरशिक्षणातून कोणत्या विषयांची पदवी देता येत नाही, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजेच यूजीसीने केली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग यांच्यासोबत त्यात कृषी आणि उद्यानविद्याही आहेत.

मग गावात काहींकडे ही पदवी कशी?

१९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ पूर्वी अभ्यासकेंद्रांमार्फत ही पदवी देत असे. त्या काळातल्या पदवीधराचं उदाहरण पाहून आज प्रवेश घेऊ नये.

अडचण कुठे आहे?

हा विषय हाताने शिकायचा आहे. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरताना तो जमिनीपासून पुरेसा उंच हवा, नाहीतर झाडाला डिंक्या रोगाचा धोका वाढतो. हे पुस्तकात वाचता येतं. पण साल न फाटता डोळा बसवणं रोपवाटिकेत बसूनच जमतं.

पर्याय कोणते?

• पदवीच हवी असेल, तर बारावी विज्ञानानंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची नियमित बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या. विदर्भात हे शिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं.

• घरी राहूनच शिकायचं असेल, तर इग्नूचे फळं-भाज्यांचं मूल्यवर्धन किंवा सेंद्रिय शेती यांसारखे पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मात्र हे पदवीच्या बरोबरीचे नाहीत.

• फक्त कौशल्य हवं असेल, तर देवळी तालुक्यातच सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणं हेच त्याचं काम.

पैसे भरण्याआधी

यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्ही गोष्टी जुळतात का, ते पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणून त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला मान्यता असतेच असं नाही. एजंट 'पदवी' म्हणाला, तर प्रमाणपत्रावर नेमका कोणता शब्द छापला जाणार, हे लेखी मागा. पदवी अमान्य ठरली, तर नोकरीचा किंवा पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरताना अडचण होते, आणि गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.