जुन्या मोटारींतील नवें गाणें

आमच्या घरीं १९९७ सालची एक मोटार अद्याप चालत आहे. तिच्या डॅशबोर्डांत कॅसेट वाजविणारें एक यंत्र आहे. दोन गोल बटणें आणि त्यांच्या मध्यें कॅसेट आंत सारण्याची एक अरुंद फट, एवढाच त्याचा संसार. गेल्या पावसाळ्यांत घाट उतरून कोंकणांत जातांना बरोबरच्या तरुण मंडळींस आपल्या फोनमधलीं गाणीं त्या यंत्रांतून ऐकावीं अशी इच्छा झाली. परंतु फोनमधील गाण्यास त्या यंत्रांत शिरण्यास वाटच नाहीं असें आढळून आलें. परतल्यावर आम्ही एका दुकानीं गेलों. दुकानदारानें यंत्राकडे एकवार पाहिलें व निकाल दिला, "हें काढून टाका, नवें बसवा." सल्ला व्यवहाराचा होता, पण तो आमच्या गळीं उतरेना. आमच्या आजीनें जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या होत्या, त्यांची एक कॅसेट आमच्यापाशीं आहे. घरांतील दुसरीं सर्व कॅसेटयंत्रें केव्हांच भंगारांत गेलीं. आजीचा आवाज म्हणून जो कांहीं उरला आहे, तो या मोटारींतच राहतो.

शेवटीं काम भागलें तें एका जुन्याच युक्तीनें. कॅसेटच्या आकाराची एक पोकळ डबी, तिला जोडलेली हातभर तार आणि तारेच्या टोंकास एक पिन, असें हें साधन. त्यास कॅसेट अडॅप्टर म्हणतात. आमच्या फोनला पिन खोंचण्याचें छिद्रच नव्हतें, म्हणून मध्यें बोटभर लांबीचा आणखी एक जोड घ्यावा लागला. फोन, जोड, पिन, डबी, यंत्र आणि कर्णे अशी ती सांखळी हातांत धरून पाहतां आमच्या ध्यानांत आलें कीं, तिची प्रत्येक कडी निरनिराळ्या पिढींत घडली आहे, आणि तरीही त्या एकमेकींत अडकतात. त्या कशा अडकल्या, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. यंत्र कशानें जगतें आणि कशानें मरतें, या प्रश्नाचें कांहीं उत्तर त्या हकीकतींत दडलें आहे, अशी आमची समजूत आहे.

सांखळीच्या शेवटच्या कडीपासून, म्हणजे मोटारींतील यंत्रापासून, आरंभ करूं. १९३० सालीं शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन यांनीं स्वतःच्या मोटारींत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीचा रस्ता धरला. तेथें रेडिओ-कारखानदारांचा मेळावा भरला होता. पण गॅल्व्हिन यांस आंत मांडणीची जागा नव्हती. त्यांनीं मोटार बाहेरच उभी केली, रेडिओ मोठ्यानें लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस ऐकविला. आज हें सोपें वाटतें. त्या वेळच्या रेडिओच्या कांचेच्या नळ्यांस मोठा विद्युद्दाब लागे व मोटारीची बॅटरी तर अवघी सहा व्होल्टांची. शिवाय इंजिनांत पडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओंत खरखर होऊन उमटे. या दोन्ही अडचणींवर मात करून गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें जो रेडिओ बाजारांत आणला, त्याचें नांव मोटोरोला. पुढें नांव कारखान्यासच चिकटलें. आणि येथें एक मौजेचा योग सांगितला पाहिजे. ३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर यांनीं हातांत धरावयाच्या फोनवरून पहिलें संभाषण केलें. ते याच मोटोरोलाचे अभियंते होते. म्हणजे मोटारींतील गाणें आणि खिशांतील फोन हीं मुळांत एकाच घरचीं भावंडें. पण एकत्र बोलावयास त्यांस तिसऱ्याची मध्यस्थी लागावी, असा हा संसार!

आपल्याकडे मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. रेडिओ बाळगावयाचा तर त्यास सरकारी परवाना लागे, आणि हा परवाना १९८० च्या दशकांत संपुष्टांत येईपर्यंत घरोघरीं त्याचें पुस्तक जपून ठेवलेलें असे. परंतु परवान्याहूनही रेडिओचें खरें बंधन निराळें होतें. गाणें कोणतें आणि तें केव्हां, हें ऐकणाराच्या हातीं नव्हतें. आपलें गाणें आपल्या मोटारींत, आपल्याला वाटेल तेव्हां वाजावें, ही मनुष्याची हौस तेव्हांपासूनची आहे. फोन हा त्या हौसेचा आजचा अवतार, इतकेंच.

ही हौस पुरविण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें केला. १९५६ सालच्या तिच्या मोटारींत चक्क ग्रामोफोन बसविण्यांत आला. तबकडी सात इंचांची, मिनिटास १६⅔ फेरे घेणारी. गाडीच्या हिसक्यांनीं सुई उडूं नये म्हणून ती जड दाबाची. योजना पीटर गोल्डमार्क यांची. तबकडी सावकाश फिरवून तिच्या एका बाजूवर पाऊण-एक तासाचें संगीत मावविणारा हा माणूस लहान बुद्धीचा खास नव्हता. तरीही थोड्याच वर्षांत तो ग्रामोफोन नाहींसा झाला. सुई रस्त्यावर फसली, हें एक कारण. पण दुसरें अधिक शिकण्यासारखें आहे. त्या आकाराच्या व त्या वेगाच्या तबकड्या एकच कंपनी काढी. मोटारवाल्याच्या घरीं असलेली तबकडी मोटारींत चालत नसे, आणि मोटारींतली घरीं चालत नसे. दार होतें, पण त्याची किल्ली एकाच्याच कमरेला होती.

यानंतर १९६५ सालीं फोर्ड कंपनीनें आठ पट्ट्यांच्या अखंड फितीचें यंत्र आपल्या मोटारींत आणलें. त्याचे जनक विल्यम लिअर. गॅल्व्हिन यांच्या पहिल्या मोटार-रेडिओच्या कामींही यांचा हात होता. या फितीचें अमेरिकेंत कांहीं वर्षें बरेंच कौतुक झालें. पण पट्टा बदलतांना ती गाणें मध्यावरच तोडी, आणि उलटी गुंडाळतां तर येतच नसे.

तिला मागें सारलें तें एका लहानशा वस्तूनें. हॉलंडच्या फिलिप्स कंपनींत लू ओटेन्स व त्यांचे सहकारी यांनीं तयार केलेली कॅसेट १९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत प्रथम मांडली गेली. फितीची रुंदी चार मिलिमीटरांहूनही कमी, वेग सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर. आरंभीं तिचा आवाज संगीताच्या लायकीचा नव्हता. ती पत्रें व टिपणें बोलून ठेवण्यासाठीं काढलेली होती. पण फिलिप्सनें, जपानच्या सोनी कंपनीच्या आग्रहामुळें, ती बनविण्याचा हक्क इतर कारखानदारांस मोफत खुला केला. अट एकच कीं, मापें बदलावयाचीं नाहींत. या एका निर्णयानें कॅसेट जगभर पसरली, आणि फितीचा व यंत्राचा दर्जा मागाहून सुधारत गेला. कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी टॅक्सी असो कीं जर्मनीची भारी मोटार असो, कॅसेट दोघींत सारखीच बसे.

आपल्या देशांत तर तिनें एक लहानशी क्रांतीच केली. तोंपर्यंत ध्वनिमुद्रणाचा व्यापार जवळजवळ एका कंपनीच्या मुठींत होता. कॅसेट काढावयास मोठा कारखाना लागत नाहीं, हें उमगतांच १९८० च्या दशकांत गांवोगांवचे लहान व्यापारी या धंद्यांत उतरले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ सालच्या आपल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथांत उत्तर भारतांतील या घडामोडीचा साद्यंत वृत्तांत दिला आहे. महाराष्ट्रांत त्याचा अनुभव ज्यानें एस. टी. थांब्यावर किंवा मालट्रकच्या शेजारीं उभ्यानें चहा घेतला आहे, त्यास आहेच. प्रल्हाद शिंदे यांचीं भक्तिगीतें, कोळीगीतें, लोकनाट्यें, कीर्तनें, हें सर्व त्या फितीवरून रस्त्यावर आलें. आणि त्याच फितीवर कोणीही घरबसल्या आपल्या आजीचा आवाजही उतरवूं शकला. तबकडीनें हें कधीं करूं दिलें नव्हतें.

आतां पिनेकडे वळूं. सांखळींतील ही सर्वांत वृद्ध कडी. टेलिफोनच्या आरंभकाळीं, १८७८ च्या सुमारास, एक्स्चेंजमध्यें बसलेला माणूस एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याच्या तारेस हातानें जोडून देई. त्या जोडणीसाठीं जी पाव इंच जाडीची पिन व तिचें छिद्र निघालें, त्यांचाच वंश आजवर चालत आहे. मुंबईचें टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारींत उघडलें. तेथेंही तार जोडणें हें हाताचेंच काम होतें. पुढें खिशांतल्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठीं ही पिन साडेतीन मिलिमीटरांची झाली, आणि १९७९ सालीं सोनीच्या वॉकमननें ती घरोघर नेली. म्हणजे फोनच्या पिनेनें गाण्यांत शंभर वर्षें काढलीं व ती पुन्हां फोनपाशीं आली. परंतु माहेरीं तिचें स्वागत फार दिवस टिकलें नाहीं. २०१६ सालीं ॲपलनें आपल्या नव्या फोनमधून तिचें छिद्र काढून टाकलें, व हळूहळू इतरांनींही तोच कित्ता गिरविला. आमच्या सांखळींतील तो बोटभर जोड या माहेरतुटीची खूण होय.

राहिली डबी. तिची युक्ती अशी. कॅसेट-यंत्रांतील हेड म्हणजे एक बारीक फट असलेलें लोहचुंबक. फितीवरील चुंबकीय खुणा फटीसमोरून सरकल्या कीं त्यांच्या चढउतारानें हेडच्या वेटोळ्यांत वीज उमटते आणि तीच पुढें आवाज होते. अडॅप्टरच्या डबींत फीत नसतेच. त्या जागीं दुसरें एक लहानसें हेड, यंत्राच्या हेडच्या नेमकें समोर येईल असें बसविलेलें असतें. फोनमधून आलेला प्रवाह त्याच्या वेटोळ्यांतून वाहतो, त्याचें चुंबकत्व कमीजास्त होतें, आणि यंत्राच्या हेडला वाटतें कीं समोरून फीतच जात आहे. बिचारें यंत्र! चाकें फिरलीं नाहींत तर फीत संपली असें समजून तें थांबेल, म्हणून डबींत दोन-चार दांतेरी चाकेंही उगीच फिरत ठेवलेलीं असतात. हेडवर मळ असेल तर आवाज बसका येतो. कापूस व स्पिरिट यांनीं तें पुसलें कीं मोकळा होतो. १९८० च्या दशकांत लोकांच्या हातीं लहान सीडी-यंत्रें आलीं व मोटारींत मात्र कॅसेटच राहिली, तेव्हां ही युक्ती निघाली. पुढें २००१ च्या आयपॉडनें व नंतर फोननें तिचा आश्रय घेतला.

फोनमधील गाणें एफ. एम. लहरींवर सोडून मोटारीच्या रेडिओनें पकडावें, असाही एक उपाय आहे. घाटांत तो बरा चालतो. शहरांत शिरतांच एखादें बलवान केंद्र आपल्या गाण्यावर बसतें. पांच कंपन्यांनीं १९९८ सालीं एकत्र येऊन उभारलेलें ब्लूटूथ हा तारेशिवायचा मार्ग. पण ज्या मोटारीस तो ठाऊक नाहीं, तिला तो पुन्हां डबीच्या किंवा छिद्राच्या वाटेनेंच शिकवावा लागतो.

एवढ्या हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. गोल्डमार्क यांची तबकडी बुद्धीनें कॅसेटहून हलकी नव्हती, आणि पहिली कॅसेट आवाजानें तर अगदींच सामान्य होती. जगली ती कॅसेट. कारण तिचें दार साधें होतें, त्याचें माप सर्वांस ठाऊक होतें, आणि त्यांतून कोणीं यावें हें ठरविण्याचा हक्क कोणीं आपल्या हातीं ठेवला नव्हता. १९६३ सालच्या अभियंत्यास फोनमधलें गाणें स्वप्नांतही दिसलें नसेल. तरीही त्यानें आंखून दिलेल्या मापांत तें आज बसतें. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींतून कॅसेटचें यंत्र २०१० च्या सुमारास दिसेनासें झालें. पण जीं यंत्रें उरलीं, तीं मुकीं झालीं नाहींत.

नव्या मोटारींविषयीं असें म्हणतां येईल काय, याची आम्हांस शंका आहे. त्यांत गाणें, नकाशा व गार वारा हें सर्व एकाच पडद्यामागें गेलें आहे, आणि त्या पडद्याशीं फोननें बोलावें कीं नाहीं हें मोटारीचा मालक ठरवीत नाहीं. जनरल मोटर्सनें २०२३ सालीं आपल्या पुढील विजेच्या मोटारींतून फोनचा पडदा मोटारींत दाखविण्याची सोय वगळण्याचें जाहीर केलें. त्यांचीं कारणें त्यांच्यापाशीं असतील. परंतु आणखी तीस वर्षांनीं कोणा नातवानें त्या पडद्यांत आपलें गाणें शिरवावयाचें म्हटलें, तर त्यास कोठें फट सांपडेल? नव्या यंत्रांचा आम्हांस द्वेष नाहीं. यंत्र घेतांना तें काय काय करतें हें जसें आपण विचारतों, तसें त्याचें दार कोणाच्या ताब्यांत आहे हेंही विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

मोटारींतलें यंत्र आम्हीं काढलें नाहीं. मात्र फिती कायमच्या टिकत नाहींत, हें जाणून एके रात्रीं मोटार शांत जागीं उभी केली, कांचा वर केल्या, आजीची कॅसेट लावली आणि कर्ण्यापाशीं फोन धरून ती त्यांत उतरवून घेतली. मध्यें एकदां कुत्रें भुंकलें, तेंही उतरलें. दुसऱ्या दिवशीं ती डबी फटींत सारून फोनमधून त्याच ओव्या लावल्या. हेड तेंच, कर्णे तेच, मागच्या बाकावरून आमच्या आईनें विचारलें, "कॅसेट लावलीस का रे?" आम्हीं हो म्हटलें.