सोन्याचा देहांतील प्रवास

सोनें गंजत नाहीं, साध्या आम्लानें विरघळतही नाहीं. असा हा चिवट धातु औषध म्हणून देहांत शिरला, तर देह त्याचें करतो तरी काय? ह्याचें उत्तर मिळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

१८९० सालीं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं जाहीर केलें कीं, सोन्याच्या सायनाइडाचा लवलेशही काचपात्रांतील क्षयजंतूंची वाढ थांबवितो. पुढें क्षयरोग्यांना सोन्याचीं लवणें टोचण्यांत आलीं. पण ती आशा फळली नाहीं. फ्रान्समधील जाक फोरेस्त्ये यांची समजूत अशी कीं, सांधे सुजविणारा आमवात हा क्षयासारखाच जंतुजन्य असावा. म्हणून त्यांनीं आमवाताच्या रोग्यांना तींच लवणें दिलीं व १९२९ सालीं गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. तर्क चुकला, परंतु औषध लागू पडलें. १९४५ सालीं ग्लासगो येथें फ्रेझर यांनीं कांहीं रोग्यांना सोनें व कांहींना नकली औषध टोचून तुलना केली. तींतही सोन्याचीच सरशी झाली.

टोचलेलें लवण रक्तांत पोहोंचतांच त्यांतील सोनें आपला पहिला गंधकयुक्त सोबती सोडतें आणि रक्तांतील आल्ब्युमिनच्या गंधकाला चिकटतें. अन्नाप्रमाणें सोनें जळत नाहीं. तें केवळ जोडीदार बदलतें. बरेंचसें मूत्रावाटें, थोडें मलावाटें बाहेर पडतें. उरलेलें मूत्रपिंड, यकृत आणि सांध्यांचें अस्तर यांत दीर्घकाळ ठाण मांडतें. अंगावर पुरळ उठणें, मूत्रांतून प्रथिनें जाणें, रक्तपेशी घटणें हीं त्या उपचारांतील भयें. म्हणून वारंवार रक्त व मूत्र तपासावें लागे. फार काळ सोनें घेतलेल्यांची उन्हांत उघडी राहणारी त्वचा कधीं कधीं निळसर-करडी पडे.

खरें नवल पुढेंच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आढळलें कीं, श्वेत रक्तपेशी देहांतीलच थायोसायनेटापासून सायनाइड निर्माण करूं शकतात व तें सोन्याशीं संयोग पावतें. कॉख यांनीं काचपात्रांत योजिलेल्या पदार्थाचाच हा सगोत्र. आणि तो रोग्याचा देह स्वतःच घडवीत होता! धूम्रपान करणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत सोनें अधिक सांपडतें, तेंही धुरांतील सायनाइडामुळेंच.

१९८५ सालीं अमेरिकेंत ऑरानोफिन हें पोटांत घ्यावयाचें सोनें मान्य झालें. त्यांतील सुमारें चौथा हिस्सा सोनेंच देहांत शोषलें जातें. पुढें मेथोट्रेक्सेट ह्या औषधानें सोन्याला मागें सारलें. आयुर्वेदांतील सुवर्णभस्मांत सोनें मुख्यतः धातुरूप असतें. ह्या लवणांचा अनुभव त्यास सरसकट लावणें युक्त नव्हे. औषधाची पारख त्याच्या मोलावरून होत नाहीं. देहांत गेल्यावर त्याचें काय होतें, हें पाहूनच ती करावी लागते.