मखमली पडदा सरण्यापूर्वी

हलत्या चित्रांच्या अगदी आरंभीच्या काळात पडद्यावर नटाचे नाव नसे, लेखकाचेही नसे. असे ते मालकाचे. अमेरिकेतील बायोग्राफ कंपनी आपली ‘एबी’ ही अक्षरे नेपथ्याच्या भिंतीवरच लावून ठेवी, आणि फ्रान्सची पाथे कंपनी आपला कोंबडा दृश्यात कोठेतरी बसवून देई. चोरून प्रती काढणाराला ती खूण खोडता येऊ नये, हा त्यातील हेतू. म्हणजे चित्रपटातील पहिले नाव हे कुणा कलावंताचे श्रेय नव्हते. तो मालावरचा शिक्का होता. पुढे प्रेक्षकांच्या कुतूहलामुळे नटनट्यांची नावे झळकू लागली, आणि संघटनांच्या करारांमुळे लेखक व तंत्रज्ञ यांचीही. कोणाचे नाव आधी, कोणाचे किती मोठ्या अक्षरांत, याचेही नियम झाले. परिणामी ही नामावली परिपत्रकाच्या तळाशी येणाऱ्या ‘प्रत माहितीसाठी’ या यादीसारखी होऊन बसली. त्या यादीचे महत्त्व आपणां नोकरदारांस पुरते ठाऊक असते. पण ती आवडीने वाचणारा अद्याप जन्मावयाचा आहे!

चित्रपटगृहांनीही तिची किंमत तेवढीच केली. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रुपेरी पडद्यापुढचा मखमली पडदा मिटलेला असतानाच नामावली त्याच्या चुण्यांवर पडू लागे. कथा सुरू होण्याच्या बेतास पडदा सरे. तोवरचा वेळ उशिरा येणारांचा, खुर्च्या शोधणारांचा आणि खाऊच्या पुड्या सोडणारांचा.

वास्तविक हा वेळ किती मोलाचा असतो, हे नाटकवाल्यांनी फार पूर्वी जाणले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाचा विस्तृत विचार आहे. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, ते नांदीसह. बाहेरच्या जगातून आलेला माणूस एकदम दुष्यंताच्या अरण्यात शिरू शकत नाही. त्याला उंबरठा लागतो. नांदीचे सूर उठले की प्रेक्षक आपसूक सावरून बसे.

हॉलिवुडला हा उंबरठा नव्याने बांधून दिला तो सॉल बास या न्यूयॉर्कच्या आरेखकाने. १९५५ साली ऑटो प्रेमिंजर यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ हा हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या माणसाचा चित्रपट काढला. विषय त्या काळी इतका निषिद्ध, की निर्माता-संघाच्या नियंत्रण कचेरीने त्याला मान्यतेची मोहोर नाकारली. बास यांनी आरंभी सिनात्राचा लोकप्रिय चेहरा दाखविला नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या येतात, सरकतात, एकमेकींना छेदतात. मागे एल्मर बर्नस्टाइन यांचे अस्वस्थ जॅझ वाजत असते. आणि अखेरीस त्या पट्ट्यांतून एक वेडावाकडा हात उतरतो. सुईचा उल्लेख नाही, व्यसनाचा नाही. तरीही प्रेक्षकाला कळते की येथे काहीतरी मोडलेले आहे. फिल्मच्या डब्यांबरोबर यंत्र चालविणारांस एक सूचना धाडली होती: नामावलीपूर्वीच पडदा सारावा. माझ्या मते या कथेतील खरी क्रांती त्या पट्ट्यांत नाही, या सूचनेत आहे. खाऊच्या पुड्यांकडे गेलेली दोन मिनिटे तिने चित्रपटाला परत मिळवून दिली.

त्यानंतर हिचकॉक यांच्यासाठी बास यांनी जे केले ते अधिक सूक्ष्म आहे. ‘व्हर्टिगो’त (१९५८) एका स्त्रीच्या ओठांवरून दृष्टी तिच्या डोळ्यांकडे जाते, आणि डोळ्याच्या बुबुळातून सर्पिल वलये फिरत बाहेर येऊ लागतात. नायकाला उंचीवर येणारी भोवळ आपल्यालाच आधी येते. तिचे कारण पुढे कथा सांगते. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) हिरव्या पटलावर तिरक्या रेषा एकमेकींना छेदतात, आणि पाहता पाहता त्यांची न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीची काचेची भिंत होते. नावे लिफ्टसारखी वरखाली जातात. शेवटी खुद्द हिचकॉक बस पकडू जातात आणि दार त्यांच्या तोंडावर बंद होते!

पुढे हे सारे मागे पडले. नावे वाढत गेली आणि चित्रपटाच्या शेवटी जाऊन बसली. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये दिग्दर्शकाचे नाव आरंभी दिले नाही, म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेने जॉर्ज लुकास यांना दंड केला, लुकास यांनी तो भरला आणि संघटनाच सोडली. संघटनेचा आग्रह नावाच्या जागेपुरता होता. त्या जागेचे काय करावे, हे कोणत्याच करारात लिहिलेले नसते. २०१७ साली नेटफ्लिक्सने मालिकांची प्रस्तावना ओलांडून जाण्याचे बटण दिले. मालिकेचा आरंभ प्रत्येक भागास पुन्हा येतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार करणे रास्त नव्हे. पण त्या बटणाची सवय लागलेले बोट चित्रपटाच्या नामावलीलाही अडथळाच समजू लागते, आणि मखमली पडदा पुन्हा मिटतो. या खेपेस तो आपणच ओढलेला असतो.

बास स्वतः मध्यंतरी कंपन्यांची बोधचिन्हे रेखाटण्याकडे वळले होते. १९९० साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नी इलेन यांना ‘गुडफेलाज’साठी बोलाविले. १९९५ च्या ‘कसिनो’त मोटारीचा स्फोट होतो; नायकाची आकृती ज्वाळांतून आणि लास व्हेगासच्या दिव्यांतून खाली खाली पडत राहते, आणि मागे बाखचे धर्मसंगीत उमटत असते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९६ मध्ये, बास निवर्तले.