पडद्याआधीचं पान

जॉर्ज मेलिएसने चंद्राच्या डोळ्यात रुतलेलं यान पडद्यावर दाखवलं ते १९०२ साली. त्याआधी, १९०० मध्येच, ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत येऊ लागली होती. आपल्याकडे विज्ञानकथा पानावर रुजली, ती मासिकं, दिवाळी अंक आणि स्पर्धांच्या आधाराने. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांच्या ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. जयंत विष्णू नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवून ते नाव घेतलं होतं.

असंच उलटणं त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’त कथेचा गाभा होतं. त्यात माणसाच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. पडद्यावर हे दाखवायला प्रतिमा उलटी केली की झालं. पण असं होईलच कसं, हे कळण्यासाठी मोबियस पट्टी समजून घ्यावी लागते. वाचक थांबतो, कागदाची पट्टी पिळून चिकटवतो, मग पुढे वाचतो. प्रेक्षकाला ही उसंत नसते. चित्र पुढे सरकलेलं असतं.

दूरदर्शनवर १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आला, तो हिंदीतून आणि अंतराळयानांसह. मराठी पडदा अशा कथांपासून बराच लांब राहिला. त्यासाठी खर्चाची सबब सांगितली जाते. पण या गणपतीच्या गोष्टीला यान लागत नाही, परग्रह लागत नाही. लागतो तो प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास. नारळीकरांनी तो वाचकावर टाकला होता.