ग्रुंट्‌सिख, आंद्रेआस रोलांट

(२५ जून १९३९ – २७ ऑक्टोबर १९८५). जर्मन हृद्‌रोगतज्ञ. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी हृद्‌रोहिणी अरुंद झाली असता छाती न उघडता ती फुग्याच्या साहाय्याने आतून रुंद करण्याची पद्धती (हृद्‌रोहिणी-विस्फारण, रूढ नाव अँजिओप्लास्टी) त्यांनी प्रस्थापित केली. त्यांचा जन्म ड्रेझ्‌डेन येथे झाला. शालेय शिक्षण पूर्व जर्मनीत झाल्यावर ते पश्चिम जर्मनीत गेले व हायडल्‌बर्ग विद्यापीठातून १९६४ मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले. काही काळ रोगपरिस्थितिविज्ञानाचा (समाजातील रोगप्रसाराच्या अभ्यासाचा) अनुभव घेऊन १९६९ मध्ये ते झुरिक येथील विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाले. रक्तवाहिन्यांच्या विकारांकडे त्यांचे लक्ष वळले.

रोहिणीच्या अस्तरात वसाद्रव्ये, तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) आणि कॅल्शियमी लवणे साचत गेल्यास तिची पोकळी अरुंद होते. हा विकार हृद्‌रोहिणीत झाल्यास श्रम करताना छातीत कळ येते (हृद्‌शूल) आणि रोहिणी पूर्णपणे बंद पडल्यास हृद्‌स्नायूचा काही भाग मृत होतो. या विकारावर औषधे होती. पण ती अडथळा दूर करीत नसत. १९६७ मध्ये रेने फाव्हालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पायातील नीलेचा तुकडा जोडून अडथळ्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया (बायपास) सुरू केली. ती परिणामकारक असली, तरी तिच्यासाठी छाती उघडावी लागे. या दोन टोकांमधील जागा रिकामी होती.

अडथळा आतूनच दूर करण्याची कल्पना अमेरिकन क्ष-किरणतज्ञ चार्ल्स डॉटर यांची होती. जानेवारी १९६४ मध्ये पोर्टलंड (ऑरेगन) येथे त्यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या स्त्रीच्या मांडीतील रोहिणी, एकावर एक चढविलेल्या वाढत्या जाडीच्या नळ्या आत सारून रुंद केली व तिचा पाय वाचविला. अमेरिकेत या पद्धतीचे फारसे स्वागत झाले नाही. जर्मनीत मात्र एबरहार्ट त्साइट्‌लर आदी तज्ञांनी ती उचलून धरली. त्यांच्याकडूनच ती ग्रुंट्‌सिख यांना परिचित झाली. तीत दोन मोठे दोष होते. रोहिणी जेवढी रुंद करावयाची तेवढेच मोठे छिद्र नळी आत शिरविण्यासाठी पाडावे लागे; शिवाय नळी पुढे रेटताना अस्तरावरील साठा खरवडून सुटण्याचा धोका असे. आत जाताना बारीक राहील आणि योग्य जागी पोहोचल्यावरच फुगेल, असे साधन हा यावर उपाय होता.

मात्र साधा रबरी फुगा येथे निरुपयोगी ठरला. तो जेथे प्रतिकार कमी तेथे फुगे आणि नेमका अरुंद भागात डमरूच्या कमरेसारखा आवळलेला राही. ठराविक व्यासापर्यंत फुगून त्यापुढे न ताणणारा, तरीही मोठा दाब सोसणारा पदार्थ हवा होता. झुरिकमधील रसायनशास्त्रज्ञ हाइन्‌रिख होप्फ यांच्या सल्ल्याने ग्रुंट्‌सिख पॉलिव्हिनिल क्लोराइडाकडे वळले. रुग्णालयातील काम संपल्यावर रात्री घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर, सहकारी मारिया श्लुम्फ व त्यांचे पती यांच्या मदतीने ते असे फुगे हाताने तयार करीत. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी हा फुगा प्रथम पायाच्या रोहिणीत वापरला. त्यानंतर त्यांनी दोन पोकळ्यांचा कॅथेटर (लवचिक पोकळ नळी) बनविला. एका पोकळीतून फुगा फुगविता येई आणि दुसरीतून अडथळ्यापलीकडील रक्तदाब मोजता येई. त्यामुळे रोहिणी किती मोकळी झाली, हे जागच्या जागी अंकांत कळू लागले.

हृद्‌रोहिणीतील प्रयोग त्यांनी प्रथम कुत्र्यांवर केले व ते १९७६ मध्ये अमेरिकन हृदय संघटनेच्या मायामी येथील अधिवेशनात मांडले. तेथे अनेकांनी शंका व्यक्त केल्या. मे १९७७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे रिचर्ड मायलर यांच्या सहकार्याने, बायपास शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांनी माणसाच्या हृद्‌रोहिणीत फुगा वापरून पाहिला. त्यानंतर १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे ३८ वर्षांच्या एका पुरुषावर, केवळ स्थानिक बधिरीकरण करून, जांघेतून कॅथेटर नेऊन विस्फारण करण्यात आले. रुग्ण पूर्ण जागा होता आणि हृद्‌शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख ओके सेनिंग यांचे पथक शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. फुगा दोनदा फुगविल्यावर अडथळ्यापलीकडील दाब वाढला व शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. याच रुग्णाची १९८७ मध्ये पुन्हा तपासणी केली असता ती रोहिणी खुली आढळली.

पहिल्या पाच रुग्णांचा वृत्तांत फेब्रुवारी १९७८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. परंतु ग्रुंट्‌सिख यांच्या संशोधनाचे खरे स्वरूप १९७९ च्या निबंधात दिसते. त्यात ५० रुग्णांची माहिती असून ३२ जणांत विस्फारण यशस्वी झाले होते. या ३२ जणांत अरुंदपणा सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आला होता. अपयशही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविले. पाच रुग्णांवर तातडीने बायपास शस्त्रक्रिया करावी लागली व तिघांच्या हृद्‌विद्युत् आलेखात हृद्‌स्नायूला इजा झाल्याची चिन्हे दिसली. बायपाससाठी पाठविलेल्या रुग्णांपैकी केवळ १० ते १५ टक्के या पद्धतीस योग्य असतील, असा अंदाज त्यांनी दिला. औषधोपचार व शस्त्रक्रिया यांच्याशी तिची तुलना यादृच्छिक निवडीने (रुग्णांची गटवारी दैवगतीवर सोपवून) केलेल्या चाचणीतच व्हावी, असेही सुचविले. आपल्याच शोधाला अशी मर्यादा घालणारे संशोधक विरळाच.

१९७८ पासून झुरिक येथे त्यांनी प्रत्यक्ष उपचार दूरचित्रवाणीवर दाखविणारे अभ्यासवर्ग घेतले. यश असो वा गुंतागुंत, प्रेक्षक वैद्यांना ते त्याच क्षणी दिसे. १९७९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने या उपचाराच्या रुग्णांची सामायिक नोंद ठेवण्यास आरंभ केला. १९८० मध्ये ग्रुंट्‌सिख अटलांटा येथील एमरी विद्यापीठात गेले. तेथे शिकलेल्यांपैकी मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांनी पुढे भारतात या उपचाराचा पाया घातला. जॉर्जियातील फॉरसिथजवळ स्वतः चालवीत असलेले विमान कोसळून ग्रुंट्‌सिख व त्यांच्या पत्नी मृत्यू पावले. झुरिक येथील पहिल्या १६९ रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

रुंद केलेली रोहिणी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होणे, हा या उपचाराचा प्रमुख दोष त्यांच्या हयातीत दूर झाला नाही. १९८६ मध्ये झाक प्यूएल (तुलूझ) व उलरिख सिगवार्ट (लोझॅन) यांनी रोहिणीला आतून आधार देणारी धातूची जाळीदार नळी (स्टेंट) प्रथम बसविली. पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आल्यावर हा दोष बराच कमी झाला. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद पडलेली रोहिणी त्वरित उघडल्याने प्राण वाचतात, हे आता सिद्ध झाले आहे. तथापि विकार स्थिर असलेल्या रुग्णांत, २,२८७ रुग्णांच्या २००७ मधील व ५,१७९ रुग्णांच्या २०२० मधील चाचण्यांत, औषधोपचाराला या उपचाराची जोड देऊन एकूण मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. हृद्‌शूल मात्र कमी झाला. म्हणजेच फुगा कोणासाठी वापरावा, हा १९७९ मध्ये ग्रुंट्‌सिख यांनी उपस्थित केलेला प्रश्न फुग्याइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.