मुलांमधील कोलेडोकल सिस्ट: निदान कसे होते?

यकृतातील पित्त आतड्यात नेणारी नलिका काही मुलांमध्ये जन्मतःच फुग्यासारखी फुगलेली असते. यालाच कोलेडोकल सिस्ट म्हणतात. मुलींमध्ये ती जास्त आढळते. कावीळ, पोटदुखी आणि पोटात गोळा लागणे ही तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच दिसतात, म्हणून तपासणी महत्त्वाची.

सोनोग्राफी: ही पहिली तपासणी. ती दुखत नाही आणि तिच्यात क्ष-किरण नसतात. काही बाळांमध्ये सिस्ट गरोदरपणातच दिसते.

एमआरसीपी: हा एमआरआयचाच प्रकार. नलिका कुठून कुठपर्यंत फुगली आहे आणि ती स्वादुपिंडाच्या नलिकेला कुठे मिळते, हे यात कळते. शस्त्रक्रियेआधी सर्जनला ही माहिती लागते. लहान मूल हलू नये म्हणून झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागू शकते.

सीटी स्कॅन: यात क्ष-किरण असल्याने गरजेपुरताच करतात.

त्रास थांबला तरी उपचार टाळू नका. सिस्ट तशीच राहिल्यास जंतुसंसर्ग, खडे, यकृताचे नुकसान आणि पुढे कर्करोगाचाही धोका असतो. शस्त्रक्रियेने ती काढून टाकतात.

बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढरट होऊ लागली, तर वाट न पाहता लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.